चार एडिट रूम, एकच फोल्डर

गोरेगावातला एक छोटा पोस्ट सेटअप, म्हणजे शूटिंगनंतरचं एडिटिंगचं काम करणारी जागा. दैनंदिन मराठी मालिका, आठवड्याला सहा भाग, चार एडिट रूम आणि चौघांचं फुटेज एकाच नेटवर्क स्टोरेजवर. डेटाचं आणि पोस्टचं तांत्रिक काम माझ्याकडे होतं. सेटवरून कॅमेऱ्याचं कार्ड आल्यापासून भाग चॅनलला जाईपर्यंत मधल्या सगळ्या फाइली माझ्या हाताखालून जायच्या. एका गुरुवारी संध्याकाळी ही घडी पार विस्कटली, आणि ती नेमकी का विस्कटली हे समजायला आम्हाला दहा दिवस लागले. दोष आमच्या मांडणीचा होता. सॉफ्टवेअरने त्याच्या नियमाप्रमाणेच काम केलं होतं. तशीच मांडणी असलेल्या रूम मी नंतरही पाहिल्या आहेत, म्हणून हे प्रकरण पूर्ण लिहून काढतो आहे.

मांडणी

पहिल्या रूममध्ये सीन कट व्हायचे. दुसरी फायनलची: भाग जोडायचा, रिकॅप-प्रीकॅप (मागच्या-पुढच्या भागाची झलक) लावायचे, बीजी, म्हणजे पार्श्वसंगीत, आलं की बसवायचं. तिसरीत प्रोमो. चौथीत असिस्टंट मुलं कार्ड उतरवून घ्यायची, ट्रान्सकोड करायची, म्हणजे एडिटला सोप्या फॉरमॅटमध्ये बदलायची, आणि सीनप्रमाणे बिन (क्लिपच्या याद्या) लावून द्यायची. दोन मशीन मॅक, दोन विंडोज, चारही ठिकाणी ॲव्हिड मीडिया कम्पोझर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर. स्टोरेज म्हणजे आठ डिस्कचा एक नॅस, नेटवर्कवरची सामायिक पेटी, रेड ६ मध्ये (दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहील अशी) बांधलेला. त्यातून स्विचला १० गिगाबिटची केबल, आणि स्विचमधून प्रत्येक रूमला १ गिगाबिटची.

शूटिंग तीन कॅमेऱ्यांवर, सेकंदाला २५ फ्रेम. फुटेज डीएनएक्सएचडी १२० या ॲव्हिडच्या फॉरमॅटमध्ये ट्रान्सकोड व्हायचं. १२० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १५ मेगाबाइट, तासाला ५४ जीबी. मल्टीकॅममध्ये तिन्ही कॅमेरे एकदम चालवले तर ४५ मेगाबाइट. १ गिगाबिटच्या केबलमधून प्रत्यक्षात ११० मेगाबाइटच्या आसपास जातात. म्हणजे केबल गरजेच्या दुपटीहून जास्त होती. हा चार ओळींचा हिशेब मी पहिल्याच दिवशी कागदावर मांडायला हवा होता. तो न मांडल्यामुळे सुरुवातीचे चार दिवस ‘नेटवर्क स्लो आहे’ या एकाच वाक्यावर गेले. नव्या स्विचची किंमतसुद्धा काढून झाली होती.

त्रास महिनाभर आधीच सुरू झाला होता. एडिटर फोनवरचा निरोप बघायला किंवा मेल उघडायला मीडिया कम्पोझरमधून बाहेर पडायचा, परत यायचा, आणि स्क्रीनवर ‘स्कॅनिंग’ची पट्टी सरकत बसायची. कधी अर्धा मिनिट, कधी चार मिनिटं. टाइमलाइन हलत नाही, स्पेसबार दाबला तर काही होत नाही. दिवसातून वीस-पंचवीस वेळा असं झालं की माणूस चिडतो, पण टेलिकास्टच्या धावपळीत त्यावर उपाय शोधायला कुणाला वेळ नसतो. सगळ्यांनी मेल बघणं कमी केलं, आणि तेवढ्यावर निभावलं.

तो गुरुवार

बँकेत, म्हणजे आधी तयार ठेवलेल्या भागांच्या साठ्यात, एकही भाग शिल्लक नव्हता. गुरुवारचा भाग गुरुवारीच द्यायचा होता. दुपारी साडेचारला फायनलच्या एडिटर ताईंनी मला हाक मारली. टाइमलाइनवर तिसऱ्या सेगमेंटपासून पुढे सगळीकडे ‘मीडिया ऑफलाइन’, म्हणजे सॉफ्टवेअरला क्लिपच्या फाइली सापडत नव्हत्या. चित्र गेलं, आवाजही गेला. सकाळी त्याच टाइमलाइनवर त्यांनी दोनदा भाग पाहिला होता.

मी नॅसवर जाऊन पाहिलं तर फाइली होत्या. एकही हलली नव्हती, आकार बरोबर, तारखा बरोबर. मीडिया कम्पोझर बंद करून उघडलं. पाच मिनिटं स्कॅनिंग चाललं आणि सगळं दिसायला लागलं. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. दहा मिनिटांत पुन्हा ऑफलाइन, या वेळी दुसऱ्या सेगमेंटचे शॉट. त्याच वेळी चौथ्या रूममध्ये दिवसाचं फुटेज ट्रान्सकोड होत होतं आणि तिसऱ्या रूममध्ये प्रोमोचे इफेक्ट रेंडर होत होते, म्हणजे त्यांचं पक्कं चित्र तयार होत होतं. या दोन गोष्टींचा दुसऱ्या रूममधल्या टाइमलाइनशी काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

साडेपाचच्या सुमारास धीर सुटला. घाईघाईत ऑफलाइन दिसणाऱ्या सगळ्या क्लिप निवडून रीलिंक मारलं गेलं: सोर्सचं नाव आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरची वेळेची नोंद) जुळवून जे सापडेल ते जोड. क्लिप भराभर परत आल्या. ताईंनी भाग एकदा पळवून पाहिला, आवाज सिंक, ओठ सिंक. एक्सपोर्ट झाला, क्यूसीतून, म्हणजे तांत्रिक तपासणीतून, गेला, वेळेत पोचला.

रात्री सव्वाआठला डिरेक्टरांचा फोन आला. “अरे, त्या स्वयंपाकघराच्या सीनला आईचा क्लोज होता ना? ती चिठ्ठी वाचते तिथे मागचा टू-शॉट कसा आला?”

मी घरी टीव्हीसमोरच होतो. मीही पाहिला होता तो सीन, आणि मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं. त्या फोनची आठवण मला अजून अस्वस्थ करते. ऑफलाइन झालेली क्लिप लाल पाटीसारखी डोळ्यांवर येते, तिचं काही ना काही करता येतं. चुकीची जोडलेली क्लिप मात्र दिसत नाही. संवाद बरोबर, हालचाल बरोबर, फक्त ज्या चेहऱ्यासाठी तो कट ठेवला होता तो चेहरा पडद्यावर नाही. शुक्रवारी पहिल्या रूममधल्या लॉक केलेल्या सीनची ईडीएल (कट-कटची यादी) काढून प्रसारित भागाशी शॉट-शॉट ताडून पाहिली. चौदा शॉट दुसऱ्याच कॅमेऱ्याचे लागले होते.

फाइल आणि तिचा सातबारा

मीडिया कम्पोझर पहिल्यांदा आलं १९८९ साली. तेव्हा एक मशीन आणि त्या मशीनला जोडलेल्या डिस्क, असंच काम चालायचं. डिस्कवर लिहिणारा एकच आहे हे गृहीत होतं, आणि साध्या डिस्कच्या बाबतीत ते गृहीतक अजूनही तसंच आहे. डिस्कच्या मुळाशी ‘ॲव्हिड मीडियाफाइल्स’ नावाचं फोल्डर, त्यात ‘एमएक्सएफ’, त्यात ‘१’. ते भरलं की ‘२’, मग ‘३’. आमच्याकडे तेव्हा ‘४’ चालू होतं.

या फोल्डरांतल्या फाइलींमध्ये चित्र आणि आवाज वेगळे ठेवलेले असतात. एका क्लिपची एक व्हिडिओ फाइल आणि आवाजाच्या प्रत्येक ट्रॅकची एकेक फाइल. प्रत्येक फाइलीच्या पोटात एक लांबलचक ओळखक्रमांक असतो. बिनमध्ये आपल्याला दिसते ती क्लिप म्हणजे हा ओळखक्रमांक, त्याला जोडलेलं नाव, टाइमकोड आणि आपण लिहिलेल्या नोंदी. बिनमध्ये चित्र नसतं, आणि ती फाइल कुठल्या फोल्डरात आहे हेही बिनला माहीत नसतं. ते सांगायचं काम करतात प्रत्येक फोल्डरात पडलेल्या दोन छोट्या फाइली, एक ‘पीएमआर’ आणि एक ‘एमडीबी’. कुठला ओळखक्रमांक कुठल्या फाइलीत आहे, याची ती अनुक्रमणिका.

गावाकडच्या माणसाला मी हे सातबाऱ्याच्या भाषेत सांगतो. जमीन जागेवरच असते, बांधही जागेवर असतात. पण दप्तरातली नोंद बिघडली तर तलाठी कार्यालयात तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. गुरुवारी आमची जमीन जागेवर होती.

आता लिहिणारे चार झाले की काय होतं ते पाहा. मीडिया कम्पोझरमध्ये परत आलं की ते जोडलेल्या डिस्कवरच्या मीडिया फोल्डरांत काही बदल झाला आहे का ते तपासतं. बदल दिसला तर त्या फोल्डराची अनुक्रमणिका नव्याने बनवतं. एकट्या मशीनवर हे फार उपयोगी आहे. आमच्याकडे तिसऱ्या रूमने एक इफेक्ट रेंडर केला की ‘४’ मध्ये नवी फाइल पडायची. मग पहिली, दुसरी आणि चौथी रूम, ज्याने त्याने मेलवरून परत आल्यावर हजारो फाइलींच्या त्या फोल्डराची अनुक्रमणिका पुन्हा लिहायला घ्यायची. ती लिहिताना फोल्डर पुन्हा बदलायचं. नुसतं मॅकच्या फाइंडरमध्ये ते फोल्डर उघडून आयकॉन इकडेतिकडे केले तरी फाइंडर आपली एक लपलेली फाइल तिथे टाकून जातो, आणि पुन्हा बदल. नेटवर्क स्लो वाटायचं ते यामुळे. केबलमधून चित्र जातच नव्हतं, चार मशीन एकाच वहीत एकमेकांची नोंद खोडून आपली नोंद करत बसली होती.

गुरुवारी ट्रान्सकोड आणि रेंडर एकाच वेळी चालू होते. दोन मशीननी एकाच क्षणी अनुक्रमणिका लिहायला घेतली आणि ती अर्धवट राहिली. ताईंच्या मशीनने ती अर्धवट अनुक्रमणिका वाचली. ज्या क्लिपची नोंद त्यात नव्हती त्या ऑफलाइन.

ॲव्हिडच्या स्वतःच्या सामायिक स्टोरेजवर, आधी युनिटी, मग आयसिस, २०१६पासून नेक्सिस, ही वेळ येत नाही. तिथे प्रत्येक मशीनला त्याच्या नावाचं वेगळं फोल्डर मिळतं आणि प्रत्येक जण आपापल्याच फोल्डरात लिहितो. आमचा नॅस साधा होता. नेटवर्कवरच्या डिस्कवर मीडिया लिहिता यावा म्हणून कन्सोलमध्ये ‘ऑलड्राइव्ह्ज’ ही आज्ञा देऊन आम्ही ती डिस्क उघडी केली होती. दार उघडताना आत जाणारे चार जण आहेत याचा विचार केला नव्हता.

फाइलींची संख्याही आमच्या विरोधात होती. दिवसाला तीन कॅमेऱ्यांच्या मिळून साधारण २७० क्लिप, प्रत्येकीची एक चित्राची आणि चार आवाजाच्या अशा पाच फाइली, म्हणजे १,३५०. एका फोल्डरात ५,००० च्या पुढे जाऊ नये हा जुना संकेत आहे. आमचं फोल्डर चौथ्या दिवशीच भरत होतं, आणि रेंडरच्या फाइली त्यात वेगळ्या.

चुकीचा कॅमेरा का लागला

रीलिंक करताना सॉफ्टवेअरला दोनच गोष्टी विचारल्या होत्या: सोर्सचं नाव आणि टाइमकोड. आमच्या तिन्ही कॅमेऱ्यांत क्लिपची नावं सी०००१, सी०००२ अशीच पडायची. तिन्ही एकाच हाकेला रोल व्हायचे, त्यामुळे एका कॅमेऱ्याची सी००४२ आणि दुसऱ्याची सी००४२ बहुतेक वेळा एकाच टेकची असायची. टाइमकोडही सकाळी एकत्र जुळवलेला, घड्याळाबरोबर चालणारा. मल्टीकॅमसाठी ते हवंच असतं. पण त्यामुळे सॉफ्टवेअरपुढे तीन तंतोतंत सारखे उमेदवार उभे राहिले आणि त्याने हाताला लागेल तो उचलला. आवाज आणि ओठ जुळले तेही याच कारणाने.

रीलिंकची गरजच नव्हती, हे नंतर कळलं तेव्हा फार लागलं. सगळ्या रूममधलं मीडिया कम्पोझर बंद करायचं, त्या दोन अनुक्रमणिका फाइली उडवायच्या, आणि एकाच मशीनवर सॉफ्टवेअर उघडून शांतपणे नवी अनुक्रमणिका होऊ द्यायची. ओळखक्रमांक फाइलीच्या पोटात असतोच, त्यामुळे बिनमधल्या क्लिप आपापल्या मूळ फाइलीला बरोबर जाऊन मिळतात. दहा मिनिटांचं काम होतं. आपण ओळखक्रमांकावरून नावावर उतरलो तिथे घोटाळा झाला.

बिनचं नुकसान

त्याच संध्याकाळी आणखी एक नुकसान झालं. धावपळीत ते झाकलं गेलं आणि शनिवारी उघडकीला आलं.

चौथ्या रूममधली असिस्टंट मुलगी दुपारभर सीन ३४ चं बिन लावत होती. कुठला टेक डिरेक्टरांनी ओके केला, कुठे संवाद अडखळला, कुठल्या शॉटला मागून विमान गेलं, दागिने कुठल्या टेकपासून बदलले. कॉमेंटच्या रकान्यात एकेक ओळ. पहिल्या रूममध्ये तेच बिन दुपारपासून उघडं होतं. ॲव्हिडच्या स्टोरेजवर अशा वेळी बिनवर कुलूप दिसतं, एकाने उघडलं की बाकीच्यांना ते फक्त वाचता येतं. आमच्या नॅसवर ते कुलूप चालत नव्हतं. तिने सहा वाजता सेव्ह केलं, पहिल्या रूमने सव्वासहाला. शेवटचा सेव्ह करणारा जिंकला आणि तिचं सगळं काम पुसलं गेलं. कसलीही सूचना नाही, एरर नाही.

‘ॲटिक’ फोल्डरात बिनच्या आपोआप साठलेल्या जुन्या प्रती असतात. त्यातल्या पावणेसहाच्या प्रतीत तिच्या बऱ्याच नोंदी मिळाल्या. शेवटच्या पंधरा मिनिटांच्या गेल्या. त्या तिने पुन्हा फुटेज पाहून लिहिल्या. तक्रार केली नाही, पण मला एवढंच विचारलं, “दादा, मी सेव्ह केलं होतं ना?” केलं होतं तिने. तिच्या बाजूने काहीच चुकलं नव्हतं.

मीडियाबद्दल आम्ही सगळे जागरूक होतो. कार्डच्या दोन प्रती, चेकसम (प्रत तंतोतंत आहे का हे सांगणारा आकडा) जुळल्याशिवाय कार्ड परत पाठवायचं नाही, हे सगळं होतं. पण वीस टीबी मीडियाच्या शेजारी जे दोन-अडीच जीबीचं प्रोजेक्ट फोल्डर होतं, ज्यात चौघांची सगळी बुद्धी आणि मेहनत होती, त्याची दिवसातून एकच प्रत निघायची, तीही मध्यरात्री. फुटेज कार्डवरून पुन्हा उतरवता येतं. ‘टेक ४, तिचा श्वास चांगला’ ही ओळ कुठल्याच कार्डवर नसते.

‘दुसऱ्या’ नावाची दोन फोल्डरं

फाइली ताडून पाहताना मराठी लिपीमुळे झालेली एक गोष्ट सापडली. मूळ फुटेजच्या साठ्यात ‘दुसऱ्या दिवशीची सकाळ’ या नावाची दोन फोल्डरं होती. एकाखाली एक. नाव अक्षर न् अक्षर सारखं. एकाच ठिकाणी एकाच नावाची दोन फोल्डरं असूच शकत नाहीत, म्हणून मी आधी डोळे चोळले, मग स्क्रीनच्या जवळ जाऊन वाचलं, मग नाव कॉपी करून दुसऱ्यावर शोधलं. सापडेना.

कारण त्या ‘ऱ्या’मध्ये होतं. संगणकाच्या पोटात हे अक्षर तीन प्रकारे लिहिलेलं असू शकतं. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर. दोन, साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब), अशी दोन चिन्हं. तीन, ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह; काही कीबोर्ड असं टाइप करतात. पडद्यावर तिन्ही सारखे. सेटवरची डिस्क मॅकच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, आणि ती पद्धत फाइलीच्या नावातला ‘ऱ’ फोडून ‘र’ अधिक नुक्ता असा साठवते. आमचा नॅस लिनक्सवर चालतो. त्याच्या लेखी वेगळी चिन्हं म्हणजे वेगळं नाव. एक फोल्डर विंडोजवर हाताने बनवलेलं, दुसरं आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने मॅकच्या डिस्कवरून आलेलं. अर्धा सीन इथे, अर्धा तिथे. फाइली मोजणारी आमची स्क्रिप्ट पहिल्या फोल्डरात डोकावून ‘नऊ क्लिप कमी’ म्हणत होती, आणि सेटवरच्या डेटा बघणाऱ्या मुलावर उगाचच संशय घेतला गेला होता. मी त्याला फोन करून तसं सांगितलं आणि माफी मागितली.

यानंतर फोल्डरांची आणि फाइलींची नावं रोमन अक्षरं आणि आकडे एवढ्यातच ठेवायची असा नियम केला. मराठी मालिकेच्या कामात मराठी नाव देऊ नका असं सांगताना मला वाईट वाटलं. म्हणून मराठीची जागा दुसरीकडे पक्की केली: बिनमधलं क्लिपचं नाव, कॉमेंट, सीनचं वर्णन, हे सगळं देवनागरीत आणि मोकळेपणाने लिहायचं. तिथे ते सुरक्षित असतं, कारण फाइलीचा शोध त्या नावावरून होत नाही.

काय बदललं

नवा स्विच घेतला नाही. स्टोरेजही तेच. एका रविवारी चारही मशीन बंद करून नॅसची आतली रचना बदलली.

एका मोठ्या शेअरचे, म्हणजे नेटवर्कवरून उघडणाऱ्या जागेचे, चार शेअर केले, प्रत्येक रूमचा एक, आणि नॅसवर प्रत्येक रूमचं वेगळं खातं. आपल्या शेअरवर लिहायचा हक्क फक्त त्या रूमला, बाकी तिघांना फक्त वाचायचा. सूचना देऊन भागलं नसतं. कुलूप परवानगीतच लावलं. रेंडर, ट्रान्सकोड, इम्पोर्ट, काहीही असो, तिसऱ्या रूमचं तिसऱ्या शेअरवरच जाणार. अनुक्रमणिका लिहिणारा प्रत्येक फोल्डराला एकच उरला. दुसऱ्याचा ताजा मीडिया दिसत नसेल तर ‘रिफ्रेश मीडिया डिरेक्टरीज’ द्यायचं आणि त्याने लिहिलेली अनुक्रमणिका वाचायची.

चौथ्या रूमच्या शेअरवर रशेस, म्हणजे शूटचं कच्चं फुटेज. दिवसाचं काम संपलं, सगळे घरी गेले, की त्या दिवसाच्या ‘१’ फोल्डराला तारीख आणि युनिटचं नाव द्यायचं. ज्याचं नाव नुसता एक आकडा नाही अशा फोल्डरातलं मीडिया कम्पोझर वाचतं, पण तिथे नवं काही लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी ते आपलं नवं ‘१’ उघडतं. त्यामुळे एका दिवसाचा मीडिया एका फोल्डरात गोठतो, फाइली दीड हजाराच्या आत राहतात आणि त्याची अनुक्रमणिका पुन्हा कधी बदलायची गरज पडत नाही. भाग प्रसारित होऊन मुदत संपली की पूर्ण फोल्डर उचलून टेपवर पाठवता येतं. आधी कुठली फाइल कुठल्या दिवसाची, हे शोधण्यातच तास जायचे.

जुने चार फोल्डर वेगळे करणं हे त्या रविवारचं सगळ्यात कंटाळवाणं काम होतं. मीडिया टूल उघडून प्रोजेक्ट आणि तारखेप्रमाणे फाइली छाटायच्या, हलवायच्या, अनुक्रमणिका उडवायची, नवी होऊ द्यायची, पुढचं फोल्डर. सकाळी आठला बसलो, रात्री साडेदहाला उठलो. दोन असिस्टंट शेवटपर्यंत थांबले होते.

कॅमेऱ्यांसाठी सेटवरच्या मुलांना विनंती केली. प्रत्येक कॅमेऱ्याला आपलं अक्षर, ते कार्डच्या फोल्डरावर, आणि इन्जेस्ट करताना, म्हणजे फुटेज आत घेताना, बिनच्या सोर्स रकान्यात कॅमेरा-अक्षर, तारीख आणि कार्ड क्रमांक भरल्याशिवाय क्लिप पुढे द्यायची नाही. सुरुवातीला याला अर्धा तास जास्त लागायचा. आता उद्या रीलिंक करायची वेळ आलीच तर तिन्ही सी००४२ वेगळ्या ओळखता येतील.

बिनसाठी मनासारखा उपाय मिळाला नाही. कुलूप खरं चालेल असं स्टोरेज घेणं हाच त्याचा पूर्ण उपाय आहे, आणि सहापेक्षा जास्त रूम असतील तर मी त्याखाली काही सुचवणार नाही. चार रूमच्या बजेटमध्ये आम्ही एवढंच केलं: प्रत्येक रूमचं वेगळं प्रोजेक्ट फोल्डर, आणि बिन पुढे देताना त्याची प्रत समोरच्याच्या फोल्डरात टाकायची. दिलेल्या बिनला आपण पुन्हा हात लावायचा नाही. एकाच बिनमध्ये दोघांनी काम करणं बंद झालं. प्रोजेक्ट फोल्डरांचा नॅसवर दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, निघतो. शिवाय रोज रात्री बिनची एएलई काढतो. साधी टॅब घातलेली मजकूर-फाइल असते ती, कुठल्याही मशीनवर उघडते, आणि उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी ‘टेक ४, तिचा श्वास चांगला’ वाचता येईल.

पुढचे तीन महिने

स्कॅनिंगची पट्टी जवळपास गेली. स्वतःच्या रेंडरनंतर दिसते, दोन-चार सेकंद. पहिल्या सोमवारी ताईंनी मुद्दाम मेल उघडून परत येऊन पाहिलं, पुन्हा उघडून पाहिलं, आणि काही न बोलता कामाला लागल्या.

एकदा मात्र घसरलो. तिसऱ्या रूमचं मशीन नव्याने लावावं लागलं आणि घाईत त्यावर नॅसचं ॲडमिन खातं टाकलं गेलं. ॲडमिनला सगळीकडे लिहिता येतं. दोन दिवसांत पुन्हा स्कॅनिंग सुरू झालं, आणि चौथ्या शेअरवर प्रोमोचे रेंडर सापडले. या वेळी कुठे बघायचं हे माहीत होतं, त्यामुळे दुपारच्या जेवणाच्या आत खातं बदललं, रेंडर उडवले, अनुक्रमणिका नवी केली. तेव्हापासून रात्री एक छोटी स्क्रिप्ट चारही शेअर तपासते: जिथे जे खातं लिहायला नको त्या खात्याची फाइल आहे का, कुठल्या फोल्डरात ४,००० च्या वर फाइली आहेत का, रोमनबाहेरचं अक्षर नावात आहे का. सकाळी चहाबरोबर मी तिचा अहवाल वाचतो. बहुतेक दिवशी तो एका ओळीचा असतो.

गेल्या महिन्यात चौथ्या रूममध्ये नवा मुलगा लागला. पहिल्याच दुपारी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“दादा, तीन नंबरच्या शेअरवर काही सेव्हच होत नाहीये. परवानगी नाही म्हणतंय.”

“बरोबर आहे. तुझा चार.”